मोटरी चालू असतानाचं गाणं

आमच्या गावात इंग्रजी गाण्यांची एकच रेकॉर्ड होती आणि ती माझी होती. फुशारकी वाटली तर वाटू दे. गावात पहिला ट्रॅक्टर कुणी आणला, पहिली मोटर कुणाच्या विहिरीवर बसली यावरून लोक अजून हमरीतुमरीवर येतात. रेकॉर्डवरून माझ्याशी कधीच कुणी भांडलं नाही, कारण ती दुसऱ्या कुणाला नकोच होती.

गाव येरमाळ्यापासून सायकलीच्या अंतरावर. बहात्तरच्या दुष्काळात सगळा भाग खडी फोडायला निघाला होता, तेव्हा बोअर पाडणारी एक मोठी परदेशी गाडी आमच्याकडं आली. मी कॉलेजचं एक वर्ष करून घरी बसलो होतो. मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, म्हणून त्या गाडीवरच्या गोऱ्या साहेबाचा दुभाषा म्हणून चिकटलो. काम हलकं होतं. लोक विचारायचे, ‘साहेब, पाणी लागंल का?’ आणि साहेब म्हणायचा, ‘बघू.’ एवढंच मी दिवसभर इकडून तिकडं पोचवत होतो.

साहेब उन्हानं सोललेल्या नाकाचा, अबोल माणूस. त्याच्या तंबूत ही रेकॉर्ड होती. ती वाजवायचं यंत्र आमच्या धुळीनं केव्हाच बंद पाडलं होतं, तरी तो संध्याकाळी पाकिटातून रेकॉर्ड काढायचा, फुंकर मारायचा, उजेडाकडं धरून बघायचा आणि परत ठेवून द्यायचा. मला आधी वाटलं, त्यांच्यात अशी काही पूजा असेल. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात निघाली त्या दिवशी त्यानं ती माझ्या हातात दिली. म्हणाला, एक अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं आहे, मधनं उठायचं नाही.

घरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. त्यावर वाळवंटाचं चित्र होतं आणि वाळवंटात एक उभी शिडी.

‘ही शिडी कशाला टेकवलीय?’

‘कशालाच नाही.’

‘मंग पडंल की.’

इतकं बोलून त्यांनी त्या रेकॉर्डशी आपला संबंध संपवला.

वाजवायची कुठं, हा प्रश्न होता. येरमाळ्यात लाऊडस्पीकरचं एक दुकान होतं. येडाईची यात्रा असो, लग्न असो, निवडणूक असो, भोंगे तिथूनच जायचे. दुष्काळात लग्नं पुढं ढकललेली, त्यामुळं दुकानदार माशा मारत बसलेला. त्यानं हौसेनं रेकॉर्ड लावली, कान दिला, माझ्याकडं पाहिलं.

‘गाणं कवा सुरू हुतंय?’

‘झालंय सुरू.’

तो चहाला गेला. चहा पिऊन, पान लावून, दोघातिघांशी गप्पा मारून आला तरी तेच चाललेलं. ‘वरातीला झ्याक हाय,’ तो म्हणाला, ‘घोडं दमंल पर गाणं दमणार न्हाय.’

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मलाही काही कळलं नाही. आमच्या कानाला गाण्याची सवय ती धृपद, कडवं, परत धृपद अशी. इथं धृपदाचा पत्ताच नव्हता. सुरुवातीला नुसता वारा सुटल्यासारखा आवाज. मग पेटीसारखं काहीतरी, पण पेटीला भाता मारणाऱ्याचा हात थांबतो तसं ते कुठं थांबत नव्हतं. मग ढोलताशे. मी भजनात वाढलेला, मांडीवर ताल धरायला गेलो की हरवेळी एक पाऊल चुकायचं. शेवटी चिडून बोटांवर मोजलं तर मात्रा सात! सात मात्रा मला नवीन नव्हत्या, पण गोऱ्यांना त्या कुणी शिकवल्या याचं नवल वाटलं. ते कोडं सुटलं आणि मी त्या गाण्याच्या आत गेलो.

मग दर बाजारच्या दिवशी दुकानात जाऊन बसू लागलो. हळूहळू त्या बाजूची वाट पायाखालची झाली. गाणारा थोडंसंच गातो आणि निघून जातो. इतका वेळ येत नाही की त्याला आपण विसरून जातो. मधे सगळी वाद्यं एकेक करून गप्प होतात आणि नुसती बासरी उरते, तीही दमलेली. इथं नवखा माणूस उठून जातो. बसून राहिलात तर बासरीच्या खालून सुरुवातीचीच चाल येताना ऐकू येते, आधी कुजबुजत, मग तिच्यात एकेक जण सामील होत जातो, गाणाराही परततो आणि शेवटी सगळे मिळून ती अशी वाजवतात की माझ्या अंगावर काटा यायचा. अजूनही येतो. शब्द निम्मे कळायचे नाहीत आणि त्याचं काही अडायचं नाही. त्या कोरड्या वर्षात मला मनापासून आनंद देणारी ती एकच गोष्ट होती.

पुढं पाऊस झाला. दिवस पालटले. वाशीला दूध थंड करण्याचं केंद्र निघालं, तिथं मला नोकरी लागली. लाऊडस्पीकरवाल्यानं कॅसेटी आणल्या आणि जुना रेकॉर्ड प्लेअर मला देऊन टाकला. आणि माझं लग्न झालं.

बायको उमरग्याकडची. माहेरी कानडी बोलणं, त्यामुळं तिची मराठी आमच्यापेक्षा जरा ठाय, संथ लयीतली. लग्नाआधी आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो, पण मी मनात पक्कं ठरवलं होतं की आपल्याजवळ दुसऱ्याला देण्यासारखं जे एक आहे ते हिला द्यायचं. साडी-चोळी कुणीही घेतो. मला ते गाणं तिच्याबरोबर बसून, मधनं न उठता, ऐकायचं होतं. शेवटच्या चालीला तिच्याही अंगावर काटा आला तर माझा संसार बरा होईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

एका रविवारी संध्याकाळी, आई देवळात गेलेली बघून, मी प्लेअर मधल्या खोलीत मांडला. तिला समोर बसवलं. पिन ठेवली आणि तोंडघशी पडलो. वारा घोरल्यासारखा, पेटी रडकी, आणि गाणारा आला तो सर्दी झालेल्या बैलासारखा. सगळी बाजू चिखलातून गाडी ओढल्यासारखी चाललेली. मी तीनतीनदा पिन उचलली, फुंकर मारली, परत ठेवली.

‘हे असं नाहीये,’ मी म्हणालो.

‘असू दे की. बरं हाय,’ ती म्हणाली.

‘बरं काय बरं! हे असं नाहीचये मुळी.’

दुसऱ्या दिवशी प्लेअर सायकलला बांधून कळंबला रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं नेला. तिथं लावला तर ठणठणीत. दुरुस्तीवाल्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच बिघडलोय. घरी आणला, लावला, परत बैलाला सर्दी. आतलं रबरी चाक बदललं. तेल घातलं. खाली पाट ठेवला, पाट काढून पोतं ठेवलं. आई म्हणाली, दृष्ट काढू का.

उलगडा झाला तो आबांमुळं, पण त्यांना न कळता. एका संध्याकाळी नशिबानं गाणं नीट लागलं होतं. मी तिला हाक मारणार, एवढ्यात घरामागच्या विहिरीवर आबांनी मोटर चालू केली. स्टार्टर वाजला, मोटर घुमली आणि त्याच क्षणी गाणाऱ्याचा आवाज खाली बसला. मी खिडकीतून पाहिलं. पलीकडच्या मळ्यातली मोटर सुरू झाली, आवाज आणखी बसला. सगळ्या गावाच्या मोटरी आणि माझा प्लेअर एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर! मोटरी लागल्या की व्होल्टेज पडायचं आणि प्लेअरची थाळी रेंगाळायची. दुष्काळात सगळीकडंच विहिरी कोरड्या म्हणून मोटरी बंद होत्या आणि म्हणून येरमाळ्यात मला ते गाणं धड ऐकायला मिळालं होतं, हे तेव्हा लक्षात आलं.

मग सुरू झाली आमची तहाची बोलणी.

‘आबा, एवढी बाजू संपेपर्यंत मोटर थांबवा.’

‘गव्हाला सांग थांब म्हणावं. त्यो थांबला तर मी थांबतो.’

आणि आबा थांबून उपयोग काय, बाकीचं गाव थोडंच थांबणार होतं! त्यात सहकारी साखर कारखाना आमच्या भागातला ऊस नेऊ लागला. ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला आणि मोटरींना सुट्टीच उरली नाही. पावसाळ्यात त्या बंद असायच्या तर तेव्हा लाईटच नसायची, जरा वारं सुटलं की तार तुटलेली. उशिरा रात्री लावावं तर घर झोपलेलं, आणि ते गाणं दबक्या आवाजात ऐकण्यातलं नव्हेच. गावात पाणी खेळत होतं, घरात दूधदुभतं होतं, वाशीच्या केंद्रावर दुधाचे कॅन ठेवायला जागा पुरत नव्हती. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी ही एक तक्रार जपून ठेवली होती.

गंमत म्हणजे बायको त्याच गाण्यावर खूष होती. रविवारी कामं उरकून ती स्वतःच येऊन बसायची. ‘लावा की म्हाताऱ्याचं.’ गाणारा म्हातारा आहे, अशी तिची समजूत झाली होती. एकटा राहणारा, दात पडलेला, पण आवाज अजून खणखणीत असलेला म्हातारा. तो मधेच गप्प झाला की ती म्हणायची, दमलं बिचारं, बसलं असंल झाडाखाली. बासरीच्या जागी ती कधी उठली नाही. भाकरी थापताना ती चाल गुणगुणायची, अगदी रेंगाळत.

‘एवढं सावकाश नाहीये ते,’ मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायचो.

‘म्या ऐकलं तसंच म्हणणार की. तुमी ऐकवा दुसरं.’

हे मला झोंबायचं. तिच्या कानात चुकीचं गाणं घर करून बसलंय आणि खरं अजून माझ्या एकट्याच्याच जवळ आहे, याचं मला खरोखर वाईट वाटायचं. मी म्हणायचो, थांब, एक दिवस व्होल्टेज येईल, मग बघ. वर्षं गेली. मूल झालं, ते चालायला लागलं, त्यानं पाकिटावरच्या शिडीवर पेन्सिलीनं माणूस काढून चढवला. व्होल्टेज काही आलं नाही.

आबांना गाण्यात काडीचा रस नव्हता, पण त्यांनीही त्याचा उपयोग शोधून काढला होता. रानातून येताना घरातलं गाणं ऐकू आलं की ते आवाजावरून सांगायचे, ‘खालच्या अंगाच्या मोटरी चालू झाल्या वाटतं. तुजा गडी बसला बघ.’ आणि ते बरोबर निघायचं.

मग ऐंशीनंतरच्या एका सालात पाऊस दडी मारून बसला. खरीप हातचं गेलं. उसाची पाचट झाली. विहिरींनी तळ दाखवला आणि एकेक मोटर गप्प होत गेली. आमच्या स्टार्टरच्या पेटीत कोळ्यानं जाळं केलं. वाशीच्या केंद्रावर आम्ही दुपारीच हात धुऊन मोकळे व्हायचो. तरी बहात्तरसारखी दैना नव्हती. माझा पगार होता, बोअरवरचा हापसा अजून चालत होता, रेशनवर धान्य मिळत होतं. पण आबांना रिकाम्या हातांनी बसवत नसे. ते अंगणात घायपाताचे दोर वळत बसायचे. लागणार नव्हते इतके दोर त्यांनी त्या वर्षी वळले.

एका रविवारी दुपार कलल्यावर मी सहज बटण दाबलं तर बल्ब पांढराशुभ्र पेटला. मी त्याच्याकडं बघत राहिलो. मग बायकोला हाक मारली.

‘ये. आज खरं ऐकायला मिळणार.’

तिनं पदराला हात पुसले आणि येऊन बसली. मी पिन ठेवली. वारा सुटला तो कोरडा, मोकळा. पेटी लख्ख. ढोल आले ते सात मात्रांचे, एकही पाऊल न चुकता. इतक्या वर्षांनी ते तसं ऐकत मी तिच्या तोंडाकडं बघायला लागलो. ती नीट ऐकत होती. गाणारा आला.

‘ह्यो कोण पोरगा?’ तिनं विचारलं.

‘हाच तो. हाच गातो.’

‘आन् म्हातारा?’

‘म्हातारा नव्हताच कधी. तो व्होल्टेजमुळं म्हातारा वाटायचा. खरा आवाज हा.’

बासरी आली, लवकर आली आणि लवकर गेली. शेवटची चाल आली, माझ्या अंगावर काटा आला, बाजू संपली. पिन मधल्या लेबलाजवळ खर्रखर्र करत राहिली.

‘कसं वाटलं?’

‘चांगलं हाय की.’ मग माझं मन राखत, ‘पर समदे घाईत हाईत. कुणाला एसटी गाठायची असल्यावानी.’

मी हिरमुसलो. लपवलं नाही, मला लपवता येत नाही. तिनं ते पाहिलं. पुढं सरकून पिन उचलली, बासरीच्या जागेच्या अदमासानं परत ठेवली आणि फिरणाऱ्या थाळीच्या कडेवर आपल्या उजव्या हाताचं बोट हलकेच टेकवलं. सूर आधी डुगडुगला. मग तिच्या बोटाला अंदाज आला आणि बासरी जड झाली, रेंगाळली, आणि तिच्यामागून आमच्या घरात एवढी वर्षं गाणारा म्हातारा बोलायला लागला.

‘हे बघा,’ ती म्हणाली, ‘ह्ये असं व्हतं. तुमी कधी नीट ऐकलंच न्हाय. सारखं आपलं, असं न्हाय, असं न्हाय.’

मी ऐकलं. पहिल्यांदाच त्याला नावं न ठेवता ऐकलं. सात मात्रांमधे आता बसायला जागा होती. तिच्याकडं बघितलं तर तिच्या दंडावर काटा उभा होता. ज्याची मी एवढी वाट पाहिली ते माझ्या नाकासमोर दर रविवारी घडत आलं होतं, आणि मी पिन फुंकत बसलो होतो. मला हसू आलं आणि फार बरं वाटलं.

तेवढ्यात अंगणात दोर टाकल्याचा आवाज झाला आणि आबा घाईघाईनं दारात आले. त्या आठवड्यात वाशीकडं पाऊस झाल्याची बातमी होती. आमच्याकडं नुसतं आभाळ येऊन जात होतं.

‘कुणाची मोटर चालू झाली?’ ते म्हणाले. ‘कुणाच्या हिरीला पाणी आलं?’

त्यांचा चेहरा मी वर्षभरात तसा पाहिला नव्हता. बायकोनं दचकून बोट उचललं. गाणारा झटकन पोरगा झाला आणि पळत सुटला. आबांनी थाळीकडं पाहिलं, तिच्या हाताकडं पाहिलं. त्यांना कळलं. ती उठून उभी राहिली. ‘मामा, म्या उगंच...’ एवढंच तिच्या तोंडून आलं.

आबा परत जातील असं मला वाटलं. ते उंबऱ्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

‘ठिव बोट, माय,’ ते म्हणाले. ‘असू दे तसंच.’

ती खाली बसली, बोट ठेवलं. आवाज परत जड झाला. आबा मान खाली घालून ऐकत होते. एवढ्या वर्षांत ते त्या गाण्यासमोर कधी बसले नव्हते.

‘काय म्हणतोय ह्यो म्हातारा?’ त्यांनी विचारलं. मला नाही, तिला.

तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ती थाळीवरची नजर न काढता म्हणाली, ‘हीर खांदतोय, मामा.’

‘लागतंय का पाणी त्याला?’

‘लागतंय की. बाजू संपायच्या आत लागतंय.’

‘मंग बसतो,’ आबा म्हणाले.